आतून सांगितलेला भाव

आमच्या घरी भाव आतून यायचा. हे पडवीत लेथवर काम करायचे, गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसायचं, आणि त्याने "किती झाले?" विचारलं की हे मान खाजवत म्हणायचे, "थांबा, आतल्या सरकारला विचारतो." आतलं सरकार म्हणजे मी. दाराआड उभं राहून, हाताचं पीठ झाडत मी आकडा सांगायची.

यांनी मुंबईला गिरणीच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढली आणि एक जुना लेथ बोटीवर घालून रत्नागिरीला आणला. हाताला चोख माणूस, पण पैशाचं नाव निघालं की वाचा बसायची. "द्या काय ते," म्हणायचे. लोक द्यायचे. कोणी नारळ, कोणी पायलीभर तांदूळ. एकाने तर फणस आणून ठेवला. गावचा लोहार भातावर काम करतो, मग हे कोण वेगळे? पण पोलादाची कांब मुंबईहून येते आणि तिचा व्यापारी फणस घेत नाही, हे यांना सांगून सांगून मी थकले. शेवटी भाव मीच माझ्याकडे घेतला.

माझा हिशेब सरळ होता. पोलाद, बोटीचं भाडं, कोळसा, तेल. त्यावर माझा खांदा. लेथाचं मोठं लाकडी चाक हाताने फिरवावं लागे; गडी शेतावर गेला की ते मी फिरवायची. मऊ लोखंड असलं तर चाक गुमान फिरतं, पोलाद असलं तर रात्री कूस बदलता येत नाही. हे सगळं धरून जो आकडा येई त्यात मी थोडे वाढवून सांगायची, घासाघिशीत सोडायला. घासाघीस सगळेच करत. न करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

तिसाच्या सालानंतर आमच्याकडे मोटारवाले येऊ लागले. मुंबईत मोडीत निघालेल्या लॉरीचा सांगाडा स्वस्तात घ्यायचा, बोटीने आणायचा, आणि आपला हात जगन्नाथ म्हणत अंगणात मोटार उभी करायची, असं वेडच लागलं होतं. या लोकांना काम यांच्या हातचं हवं आणि दाम लोहाराचा. एकाने मला ऐकवलं, "नाकापेक्षा मोती जड झाला की हो, वहिनी!" मी आतूनच म्हटलं, "मोती नाकात नाही, चाकात घालायचाय."

त्यातच एका वर्षी तांडेलकाका आले. मूळचे दाभोळचे, साठी उलटलेले. आयुष्य गलबतावर गेलं. पण आगबोटींनी गलबतांचा धंदा खाल्ला तेव्हा ते गलबत विकून आमच्या जवळच मिऱ्याला येऊन राहिले होते. त्यांनीही एक सांगाडा आणला होता. त्यावरची बॉडी होडीच्या सुतारांकडून बांधून घेतली होती. सागवानी फळ्या, फटींत कापूस आणि वर राळ. हे ती मोटार बघून आले आणि हसत म्हणाले, "पूर आला तर तरंगेल."

त्यांना पुढच्या चाकांच्या दोन खुंट्या हव्या होत्या. चाक ज्या उभ्या खुंटीवर डावं-उजवं वळतं ती. मिस्त्री लोक तिला किंगपिन म्हणतात. यांनी त्या मन लावून केल्या, भट्टीत लाल करून तेलात बुडवून कडक केल्या, पुन्हा घासून मापाला आणल्या. काका न्यायला आले. हे आत वळले. चौदा रुपये मला पुरत होते. मी अठरा म्हटलं.

 मी वाट बघत होते, आता म्हणतील, काय गो, लूट लावलीस. काकांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले. "बरा, बाय," म्हणाले आणि निघून गेले. खुंट्या बाकावरच राहिल्या.

"पैसे आणायला गेले असतील," मी म्हटलं. यांनी खुंट्या उचलून फळीवर ठेवल्या.

चार दिवसांनी कळलं, काकांनी लोहाराकडून खुंट्या करून घेतल्या. मोडक्या बैलगाडीच्या आसाच्या लोखंडातून. दसऱ्याला मोटारीची पूजा करून दोन्ही सुना, नातवंडं सगळ्यांना घालून हातखंब्याच्या उतारापलीकडच्या देवीला नारळ द्यायला नेणार होते.

यांचं जेवण कमी झालं. एकदा भात कालवता कालवता म्हणाले, "मऊ लोखंड आहे ते. सपाटीला चालेल. उतारावर, माणसं भरलेली असताना..." आणि हात थांबला.

"मग जाऊन सांगा ना!"

"काय सांगू? गिऱ्हाईक गेलं म्हणून लोहाराला नावं ठेवतो म्हणतील."

खरंच होतं. म्हणजे जायचं मीच. आणि मी मात्र दिवस ढकलत होते. खुंट्या आपणहून चौदाला देते म्हटलं तर अठरा खोटे होते हे उघड झालं. मिऱ्यावरून ती गोष्ट बाजारात यायला अर्धा दिवस पुरे. उद्यापासून माझ्या आकड्याला कोण विचारणार? फुकट दिल्या तर काका घेणार नाहीत. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. भाकरी थापताना मला उतारावर वाकडं झालेलं चाक दिसायचं. काकांची धाकटी सून मी देवळात पाहिली होती. तिला सातवा लागला होता. तरी मी जात नव्हते. चार रुपयांचा मान मला इतका मोठा वाटत होता, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खुंट्या पदरात बांधल्या आणि चालत मिऱ्याला गेले. अंगणात मोटार उभी होती, निळी रंगवलेली, झेंडूच्या माळांसकट. काका चाकांना तेल देत होते.

"तांडेलकाका, या खुंट्या घाला."

"आता? उद्या म्हूर्त हाय. घातल्यात मी लोहाराच्या. देवीला जाऊन येतो, मग बगू."

"मग उद्या मीही येते. पुढच्या बाकावर बसते."

त्यांनी हातातली तेलाची झारी खाली ठेवली. "तू कशाला?"

"तुमच्या सुना बसतायत, मग मला काय होतंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आपल्या सुनांबद्दल त्यांनी लोहारावर भरवसा टाकला होता. दुसऱ्याच्या घरच्या बाईचं ओझं मात्र त्यांना पेलेना. "तुज्या घोवाला काय त्वांड दाखवू मी?" असं पुटपुटत त्यांनी थोरल्या मुलाला हाक मारली. मोटार जॅकवर चढली. दुपार टळेपर्यंत लोहाराच्या खुंट्या बाहेर आल्या आणि यांच्या आत बसल्या. लोहाराच्या मी हातात घेऊन पाहिल्या. वाकलेल्या नव्हत्या, चिरलेल्याही नव्हत्या. त्या टिकल्या असत्या की नाही, मला सांगता येणार नाही.

काकांनी हात पुसले. "किती?"

आड उभं राहायला तिथे दार नव्हतं. "चौदा," मी म्हटलं.

"त्या दिशी अठरा व्हते."

"वरचे चार तुम्ही कमी करायला सांगाल म्हणून लावले होते, काका. सगळेच सांगतात."

ते ओट्यावर बसले. "तुज्या घोवानं आकडा सांगितला असता तर भांडलो असतो गो त्याच्याशी. घरातल्या बायमाणसाचा शबूद आला. त्याच्यावर काय बोलनार मी?"

आतून हातात आरतीचं ताट घेऊन धाकटी सून बाहेर आली, मोटारीची माळ नीट केली आणि जड पावलांनी परत गेली. काका तिच्याकडे बघत होते.

"पंधरा व्हते माज्या कनवटीला," ते म्हणाले. "त्या दिशी, तुमच्या बाकावर बसलो व्हतो तवा."