राक्षसाच्या गुहेचा सातबारा

राक्षसाच्या गुहेचा सातबारा काढून देणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. गुहा कितीही अंधारी असो, आत राक्षस कितीही दात विचकून बसलेला असो, तिचा गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा मामांकडे तयार असते. "पूर्वेस ओढा, पश्चिमेस चेटकिणीची वहिवाट, उत्तरेस गायरान, दक्षिणेस पडीक," असं मामा चष्मा कपाळावर ढकलून वाचायला लागले, की तलवार उपसून निघालेला आमच्यासारखा माणूससुद्धा दोन मिनिटं थांबतो आणि आपण नक्की कुणाच्या हद्दीत उभे आहोत याचा विचार करतो. मामा पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. निवृत्त झाल्यावर माणसं रंकाळ्यावर फिरायला जातात, रक्तदाब मोजतात, वर्तमानपत्रावर चिडतात. मामांनी एक तालुका निर्माण केला. बत्तीस गावांचा, डोंगरदऱ्यांसकट, आणि एकाही बांधावरून भांडण नसलेला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना थोडं सांगायला हवं. चारपाच माणसांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. एकानं, आमच्याकडे मामांनी, खेळ चालवायचा, म्हणजे समोर काय दिसतंय ते सांगायचं. आपण काय करणार ते आपण सांगायचं आणि ते साधलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. असा एक खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो. मामांना याचं इंग्रजी पुस्तक मंगळवार पेठेतल्या एका रद्दीच्या दुकानात सापडलं. त्यात चौकटीच्या कागदावर काढलेले भुयारांचे नकाशे होते, ते पाहून मामांना वाटलं की हे मोजणीचंच कुठलंतरी परदेशी पुस्तक असणार. पुस्तकाला कव्हर नव्हतं आणि पहिली चाळीस पानं फाटलेली होती. दुसऱ्या कुणी ते परत रद्दीत टाकलं असतं. मामांनी डिक्शनरी घेऊन उरलेलं पुस्तक वाचलं आणि फाटलेल्या चाळीस पानांत जे नियम असतील ते जमीन महसुलाच्या नियमांवरून स्वतः तयार केले. पुढं पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यांना कळवलं की तुमचे नियम मूळ खेळाशी जुळत नाहीत. मामांनी उत्तर दिलं, "सदर नियम आमच्या हद्दीत लागू नाहीत. कळावे."

मामांच्या नियमांतला मुख्य नियम पंचांचा. फासा पडला की दोन पंचांनी तो बघायचा आणि वहीत सह्या करायच्या. सह्या झाल्याशिवाय घडलेलं काहीही घडलं असं धरायचं नाही. आमच्या खेळात एक शालनमावशी आहेत. पाच म्हशींचं दूध पेठेत घालतात आणि खेळात तलवार चालवतात. एकदा त्यांनी दोन तोंडांच्या राक्षसाला एका घावात आडवा केला, पण नेमके आमचे दुसरे पंच अण्णा तेव्हा हात धुवायला गेले होते, त्यामुळे फासा बघणारा पंच मी एकटाच उरलो.

"मेलंय की त्ये! डोळ्यानं बघितलं मी!" शालनमावशी ओरडल्या.

"तुमी मारणाऱ्या," मामा शांतपणे म्हणाले. "मारणाऱ्याची सही चालत न्हाई. मोजणाऱ्याची बी चालत न्हाई. पंच येगळा पायजे."

"आवो मोजणीसाहेब, मग आता काय त्येला जित्ता करू व्हय?"

तो राक्षस जिवंत झालाच. मावशींनी त्याला परत मारेपर्यंत त्यानं माझा एक हात तोडला. त्या आठवड्यापासून मी तालुक्यात एका हाताचा तिरंदाज म्हणून वावरतो आहे आणि त्याची रीतसर नोंद आहे.

अण्णा म्हणजे गडहिंग्लजकडचे जैन व्यापारी, इथं त्यांचं धान्याचं दुकान आहे. ते खेळात जादूगार आहेत, पण आजवर त्यांनी मुंगीसुद्धा मारलेली नाही. राक्षस दिसला की ते त्याच्याशी बोलायला बसतात आणि निम्म्या वेळा तो राक्षस ऐकतो. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असतं, म्हणून आमचा खेळ रविवारी दुपारी दोनला सुरू होऊन उन्हं कलली की संपतो. आणि वीस बाजूंचा फासा कोल्हापुरात कुठं मिळणार? मामांनी नकाशा काढून तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीतून बिडाचा ओतून घेतला. तो चांगला पाव किलोचा आहे. घोंगडीची चौपदरी घडी घालून त्यावर तो टाकावा लागतो, आणि तरीही खालच्या मजल्यावरचे भाडेकरू छताला काठी लावून आम्हाला आवाज देतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी जेवायला गेलो तेव्हा मामांनी टॉवेल-टोपी द्यायच्या आधी माझ्या हातात तो फासा दिला होता. "टाका जावईबापू, बघू काय नशीब हाय." मी टाकला तो थेट पायाच्या अंगठ्यावर.

पण मला खरं थक्क केलं ते मामांच्या ब्लॉगनं. 'हद्दीबाहेर' या नावानं मामा नऊ वर्षं दर सोमवारी तालुक्याची हकीकत नकाशासह लिहीत आले, आणि ज्या कॉम्प्युटरवर लिहीत आले तो पाहिला असता तर तुम्हीही हात जोडले असते. त्याचा डबा उभा केला की बंद पडायचा, म्हणून तो कायम कुशीवर. झाकण लावलं की तापायचा, म्हणून उघडा, आणि त्याच्या पोटात टेबलफॅनचा वारा. मॉनिटरची डावी बाजू हिरवी पडली होती. मामांनी ते मनाला लावून घेतलं नाही, त्यांनी तालुक्याचा पश्चिम भाग बागायत करून टाकला. चाळीस मिनिटं झाली की यंत्र न सांगता मान टाकायचं, त्यामुळे मामांचे कितीतरी लेख ऐन लढाईत तुटलेले आहेत आणि खाली लिहिलेलं आहे, 'यंत्र बंद पडल्याने काम तहकूब.' दुरुस्तीवाला दरवेळी म्हणायचा, "पावणं, सोडा की आता ह्येला." मामा म्हणायचे, "पस्तीस वर्षांत मोजणीची साखळी बदलली न्हाई मी. ह्येला कुठं सोडू?" मी नव्या लॅपटॉपवर दोन ओळींची मेल लिहायचा कंटाळा करणारा माणूस. सोमवारी सकाळी मामांचा लेख ब्लॉगवर आलेला दिसला की मला स्वतःची लाज वाटायची.

ब्लॉगलाही पंचांचा नियम होता. आमची टोळी जिथवर पोचली आणि ज्यावर दोन सह्या झाल्या तेवढंच ब्लॉगवर जाई. पुढचं सगळं कॉम्प्युटरच्या पोटात आणि, अडीअडचणीला म्हणून, देव्हाऱ्यात ठेवलेल्या एका पेनड्राइव्हमध्ये.

गेल्या खंडेनवमीला मामांनी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली. साखळी, मोजणीची फळी, बिडाचा फासा आणि उघडा कॉम्प्युटर. मामींनी हळदकुंकू लावलं. मामांचं कुलदैवत जोतिबा, तेव्हा डोंगरावरचा गुलाल हवाच. मामांनी तो मूठभर उधळला, "चांगभलं!" म्हणाले आणि भक्तिभावानं बटण दाबलं. आतल्या पंख्यानं सगळा गुलाल ओढून घेतला, एकदा गुलाबी ढग बाहेर टाकला, मग जळका वास आला आणि संपलं. आम्ही देव्हाऱ्याकडे धावलो. देवांबरोबर त्या पेनड्राइव्हलाही सकाळी पंचामृताचं स्नान घडलेलं होतं. दुरुस्तीवाल्यानं चार दिवसांनी सांगितलं, "डिस्क गेली. आतलं कायसुदीक निघायचं न्हाई." हे ऐकून मी हसलो, हे मला आज सांगताना बरं वाटत नाही. मामा हसले नाहीत.

त्यानंतर सहा रविवार खेळ झाला नाही. सातव्या रविवारी आम्ही सवयीनं जमलो. मेलेल्या यंत्रावर पंचा पांघरलेला होता. नुसत्या गप्पा झाल्या, शालनमावशी धारा काढायला गेल्या, अण्णा जेवायला उठले, आणि मग मामा मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या लॅपटॉपवरनं ब्लॉगवर एक वळ टाका. 'मोजणी कायमची स्थगित.'"

मी म्हटलं, "अहो मामा, बत्तीस गावं ब्लॉगवर शाबूत आहेत. असं काय गेलंय?"

"तेहतिसावं गेलं," मामा म्हणाले. "घाटापलीकडचं. ही बत्तीस गावं म्हंजे त्या गावाला जायाची वाट म्हणून केलती मी."

"मग परत काढा. तुमच्या डोक्यात असेलच की."

"हाय. पर काढून ठिवू कुठं? यंत्राचा भरवसा न्हाई, आनि मी बी शहात्तरचा हाय. ब्लॉगवर ऱ्हाईल, पर तितं पंच लागत्यात. तुमची टोळी घाट उतरून जायाला अजून चार वरसं तरी लागत्याल. कुनी बघितलेलंच न्हाई त्ये गाव, तर हाय म्हनायचं कसं?"

मामी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. या बाईंनी नऊ वर्षांत एकदाही फाशाला हात लावलेला नाही. त्यांचं माहेर पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं. बुडणाऱ्या जमिनींची मोजणी करायला जी तुकडी त्या गावी उतरली तिच्यात मामा होते, आणि मोजणी संपता संपता ते त्या गावचे जावई झाले. जमिनीबी नेल्या आणि पोरगीबी नेली, असं मामींचे भाऊ अजून म्हणतात. मामींनी चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी बघितलंय की. माझं माहेर हाय त्ये. ल्ह्या, मी हाय पंच."

मी मामांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "घरचा पंच चालत न्हाई."

"त्या गावात होते तवा मी कुठं तुमच्या घरची होते?" मामी म्हणाल्या.

पस्तीस वर्षं भल्याभल्या वकिलांना पुरून उरलेल्या मामांनी खिडकीकडची मान वळवली. त्यांनी चौकटीचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि काढायला सुरुवात केली. मामी शेजारी बसून सांगत होत्या. वेशीत मारुती, त्याच्या डाव्या अंगाला तेल्याचं घर, तिथनं चौथं आपलं, पुढं उतार, उतारावर विहीर. मामांची पेन्सिल त्यांच्या बोलण्याच्या पुढं एक पाऊल धावत होती. कुठं काय आहे ते दोघांनाही तोंडपाठ होतं. विहिरीपाशी मात्र गाडी अडली.

"विहिरीवर दोन चिंचा," मामी म्हणाल्या.

"एक."

"दोन."

"अगं, सोता फळी लावून मोजलंय मी. एकच चिंच हाय."

"तुमी फळी लावलीती तवा दुसऱ्या चिंचंमागं आमी सात पोरी लपून बसलोतो, तुमाला बघाय. तुमचं ध्यान पोरींकडं होतं, चिंच कुठनं दिसंल?"

स्वतःच्या मोजणीत चूक निघाली असं मामांनी आजवर कुणालाही म्हणू दिलेलं नव्हतं, वरच्या साहेबालासुद्धा. मग त्यांनी पहिल्या चिंचेशेजारी दुसरी काढली, बाजूला बारीक अक्षरात 'दुरुस्ती' असं लिहिलं आणि खाली सही केली. त्याखाली मामींनी आपलं नाव लिहिलं, माहेरचं. ते नाव मी पहिल्यांदाच वाचत होतो.

आता दुसरा पंच हवा होता. घरात आम्ही तिघंच. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एका पंचासाठी माझा हात तोडू देणारा हा माणूस, त्यानं कागद हातातच धरून मला विचारलं, "जावईबापू, तुमी बघितलंय ह्ये गाव?"

माझा जन्म व्हायच्या आधी ते गाव पाण्याखाली गेलं होतं, हे मामांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"बघितलंय," मी म्हणालो. "विहिरीवर दोन चिंचा आहेत."

मामांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली आणि कागद परत दिला. अर्ध्या तासात तेहतिसावं गाव ब्लॉगवर गेलं. खाली दोन पंचांची नावं आहेत, कुणीही जाऊन बघावं.

खेळ परत सुरू झाला आहे. मामांनी नवा कॉम्प्युटर घेतला नाही. माझा जुना लॅपटॉप नेला, आणि महिन्याभरात तोही चाळीस मिनिटांनी मान टाकायला शिकला. आमची टोळी घाटात आहे. नऊ वळणांतलं दुसरं आम्ही कसंबसं पार केलं आहे, कारण मामा एकाही फाशाला सूट देत नाहीत. सहीचा कागद घडी करून मामांच्या वहीत आहे आणि ती वही उघडली की मला तो दिसतो. ते गाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझी सही खरी होणार नाही, म्हणून मी आताशा फासा फार जपून टाकतो. मामी दर रविवारी चहा आणतात आणि कप ठेवताना विचारतात, "पोचलासा का?"

"अजून नाही, मामी. घाटातच आहोत."

"सावकाश या," मामी म्हणतात. "आता कुठं जातंय त्ये गाव."