अक्कानं विचारलं तेव्हा

हे मी कधी बोललो नाही. बायकोजवळही नाही. आज तुमच्याजवळ बोलतोय — का, ते विचारू नका.

मी नशिराबादचा, पण कॉलेजला धुळ्यात होतो. तिथं सुदाम भेटला. त्याच्या घराच्या माडीवर एक खोली होती. दुपारी आम्ही तिच्या खिडक्यांना गोधड्या टांगायचो, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये म्हणून, आणि एका जुन्या अमेरिकन सिनेमाला अहिराणीत आवाज द्यायचो. सिनेमात दोन मित्र. दोघंही तिकडचे काळे, साधी नोकरी करणारे. त्यांचं काहीतरी चोरीला जातं आणि ते परत मिळवायला दोघंच गुंडांच्या अड्ड्यांवर हिंडतात — घाबरत, थापा मारत, एकमेकांना पुढे ढकलत. बारक्याचा आवाज सुदामचा, जाड्याचा माझा. गोधड्यांतून तांबूस उजेड झिरपायचा. त्या उजेडात ते परके रस्ते हळूहळू धुळ्याचेच वाटू लागायचे. वळणावरून आत्ता कुणीतरी हाक मारील असं वाटायचं. अजूनही दुपारी डोळा लागला की मी तिथं असतो. किती बरं वाटतं तिथं — आणि मग जाग येते.

सुदाम रंगानं काळा होता. एकदा पडद्यावरच्या त्या दोघा काळ्यांकडे बघत तो म्हणाला, "त्या बी काया शेतस, पन त्यासना रंगवर कोनी हासत नही. बठ्ठा हासतस ते त्यासना बोलावर."

आणि मग, तशाच तंद्रीत, त्यानं अक्काची गोष्ट सांगितली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकजण ओसरीवर, सुदामशिवाय घरचं कुणी जवळ नसताना, हसत म्हणाला होता, मुलीला दात दाखवायला सांगा, अंधारात कुठं बसलीय ते तरी कळेल. अक्का आत चहा ओतत होती. तिनं ऐकलं. बहीण-भावानं ते घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं. मला मात्र त्यानं सांगितलं. मित्र होतो ना मी त्याचा?

पुढं सुदाम चार दिवस मामाच्या गावी गेला. सिनेमात एक जागा होती — बारक्या अंधाऱ्या दारात लपतो आणि जाड्या त्याला शोधतो. तिथं मला काही सुचेना. आणि मग सुचलं. मी माइकसमोर बसलो आणि जाड्याच्या तोंडी घातलं, "दात दखाड रे, कोठे शे तू ते तं समजू दे!"

तो तुकडा मी त्याच दिवशी नेटवर टाकला. लोक हसले. साऱ्या खानदेशात मोबाइलवर फिरला तो.

सुदाम परतायच्या आधी अक्का माडीवर आली. तिनं तो तुकडा कुणाच्या तरी फोनवर पाहिला होता. दारातच उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही.

"ते वाक्य कोणी घातलं?"

आवाज तर माझाच होता. पण वाक्यं लिहायचं कोण, ते तिला कुठं माहीत होतं? आणि मी म्हणालो —

"सुदामनं."

तिनं खिडकीवरच्या गोधडीचा सुटलेला टाका बोटानं आत सारला. मग म्हणाली, "मी विचारलं हे त्याला सांगू नकोस, भाऊ." आणि जिना उतरून गेली.

सुदाम आला. तुकडा पाहून त्यानं मोबाइल पालथा ठेवला. शिवी नाही दिली त्यानं; एवढंच म्हणाला, "काढून टाक. अक्कानं पाह्यलं नही ना?"

मी म्हणालो, नाही.

बघा ना — दोघांनीही मला सरळ विचारलं होतं. दोन्ही वेळा खरं सांगायला एकच शब्द पुरला असता.

अक्कानं शिरपूरला नोकरी धरली. लग्न केलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्यातल्या साऱ्या माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधतात. ती मात्र आखाजीलाही घरी यायची नाही. सुदाम मला विचारायचा, असं काय झालं असेल रे? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो. होईल नीट, म्हणायचो. तो हात ठेवताना मला लाज वाटत नव्हती, हेही सांगून टाकतो. सवय झाली होती.

सुदामनं पुन्हा कशालाच आवाज दिला नाही. मी देतो. जळगावात जाहिराती करतो. सोन्याच्या दुकानांच्या, लग्नाच्या हॉलच्या.

यंदा आखाजीच्या आधी त्याचा फोन आला. शिरपूरला निघाला होता. "चूक काय झाली ते माहीत नाही, पण माफी मागून येतो. तू येतोस?" मी म्हणालो, रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंग नव्हतं.

संध्याकाळी त्यानं परत फोन केला. अक्कानं दार उघडलं होतं, जेवू घातलं होतं. त्यानं पाय धरले, तेव्हा पाय मागे घेतले. घरचं काही विचारलं नाही. निघताना मात्र तिनं माझी चौकशी केली.

"म्हने, तुना मित्र चांगला शे," सुदाम सांगत होता. त्याला त्याचंच बरं वाटत होतं. "म्हने, त्याले जपजो."

मी हं म्हणालो. मग आम्ही उन्हाबद्दल थोडं बोललो आणि मी फोन ठेवला.