अब्बांना गादीवर बसवेना

मंडळी, आत्ताच वरवंडहून शिरूरला परतले आणि एसटीतून उतरून थेट सायबर कॅफेत आलेय. सांगितल्याशिवाय राहवेना!

माझे अब्बा वरवंडमध्ये शिवणकाम करतात. गावच्या नाटकात वीस वर्षं त्यांनी फक्त विनोदी कामं केली. आज दुपारी शाळेच्या मैदानावर पहिल्यांदाच ते खुनी सेनापती झाले. ज्या राजानं पोरासारखं वाढवलं, त्यालाच गादीसाठी विष देणारा.

अब्बा स्टेजवर आले आणि लोक सवयीनं हसायलाच लागले.

खून झाल्यावर सेनापती गादीवर बसायला जातो. अब्बा टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले. हशा पिकला. पुन्हा टेकले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा त्यांनी गादीवरून नुसता हात फिरवला आणि मैदान गप्प झालं.

पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं बस की आता! ह्याच्यासाठीच मारलास न्हवं त्याला?"

हे नाटकात नव्हतं. अब्बा तिच्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, "म्हणूनच बसवत न्हाई, आई."

शेवटी सेनापती उरलेलं विष स्वतः पितो. तेव्हा त्याच म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

मी नंतर विचारलं, "अब्बा, ते उत्तर सुचलं कसं?"

"सुचलं न्हाई बेटा. तवा खरंच बसवत नव्हतं."

खुन्यासाठी तुम्ही कधी रडलाय का? मी आज रडले. आणि तो खुनी माझा बाप आहे, हे मैदानावर शेजारी बसलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले.