हंडाभर जिताड्याची पिल्लं

नव्वदच्या दशकात, पनवेलजवळ करंजाड्याच्या अलीकडे खाडीला लागून आमचं एक तळं उरलं होतं. शेती सरकारच्या भूसंपादनात गेली, तळं तेवढं राहिलं. बाबांचा जीव त्यात. पावसाळ्यात खाडीतून जिताडा माशाची बोटभर पिल्लं धरून, हंड्यातून आणून ते तळ्यात सोडायचे. भरतीच्या पाण्याबरोबर बोयसारखी बारीक मासळी, कोलंबी आत यायची, ती खाऊन जिताडा वाढायचा. नव्या व्याह्यांना पहिल्या जेवणाला आपल्याच तळ्यातला जिताडा वाढायचा, ही आमच्याकडची रीत.

बहिणीचं लग्न ठरलं त्या पावसाळ्यात बाबांनी हंड्यातून निवडून थोडीच पिल्लं सोडली. "बाकीची खाडीला परत दे. तळं एवऱ्यांनाच पोसल," म्हणाले आणि घरी गेले. मी उरलेला अख्खा हंडा तळ्यात उपडा केला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बिलं लिहायचो मी. जास्त माल घातला की जास्त निघतो, एवढीच अक्कल.

सुरुवातीला तळं नुसतं खळबळायचं. मी खूश. मग बोय दिसेनाशी झाली, कोलंबी संपली. अंडी घालायलासुद्धा मासा उरला नाही, तर नवा येणार कुठून? भरती जे आत आणी ते तिथल्या तिथे फस्त. जिताडे लांब झाले, पण नुसती डोकी. अंग सुरीच्या पात्यासारखं. त्यांनी एकमेकांना खायलाही सुरुवात केली.

मी वैतागलो. पनवेलच्या बाजारातून रोज सायकलवर टाकाऊ मासळी आणून, बाबांची नजर चुकवून, तळ्यात टाकायला लागलो. मासळीवाली म्हणायची, "दादा, तुझ्या घरान मांजरा किती हायत रं?" पाटीच्या पाट्या गेल्या, पण अंगी लागेना. खाल्लेलं बहुतेक सगळं पोहण्यात, भांडण्यात, नुसतं जिवंत राहण्यात खर्च होतं. मांस चढतं ते चिमूटभर, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त चिडायचो. माशांवर, भरतीवर, आणि निवांत काठावर बसलेल्या बाबांवरही.

न खाल्लेली मासळी तळाशी कुजली. पाण्याला वास येऊ लागला आणि एका सकाळी जिताडे पोट वर करून तरंगले. गाव जमलं. "तळोज्याच्या कंपन्यांचं पानी आयलं," कुणीतरी म्हणालं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तसंच असल ना रं?"

"असेल," मी म्हणालो.

व्याह्यांना आम्ही ब्रॉयलर वाढली. "व्याहीबुवा, तुमचा जिताडा कोंबडीसारखा लागतोय!" म्हणून ते खदखदून हसले. बाबाही हसले, कंपन्यांना दोन शिव्या दिल्या आणि ताटावरून लवकर उठले.

पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनी हंडाभर पिल्लं आणून दिली. बाबांनी त्यात हातही घातला नाही. हंडा उचलून ते तळ्यावरून सरळ पुढे खाडीवर गेले. हंड्याचा एक कान त्यांच्या हातात, एक माझ्या.

"आपल्या पान्यान मरतील ती," बाबा म्हणाले. पाण्याचा दोष नव्हता, हे सांगायला तेवढी वाट पुरे होती. मी हंडा तिरका केला. पिल्लं गढूळ पाण्यात क्षणात दिसेनाशी झाली.

उन्हाळ्यात आजूबाजूला भराव टाकायला मुरुमाच्या गाड्या आल्या, तेव्हा बाबांनीच त्यांना तळ्याकडची वाट दाखवली.