तीन पाकिटं आणि एक वाकळ

धारूरात गंगासागरला नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. सगळे तिला कावून-अक्का म्हणतात. बाईला बघेल त्या गोष्टीत ‘कावून’, म्हणजे ‘का म्हणून’, विचारायची खोडच आहे. एसटी तेलगावला इतकी का थांबते, हे ती कंडक्टरला विचारणार. जंगमस्वामी घरी आले, तर भस्माची तीनच बोटं कावून, हे त्यांनाही विचारून झालं. स्वामी हसले आणि आणखी एक कप चहा मागून घेतला.

अशा या अक्कानं गल्लीतल्या बायका गोळा करून बचत गट काढला. कोणी नवऱ्यानं टाकलेली, कोणाला रान नाही, कोणाच्या घरात कमावणारं दुसरं माणूस नाही. गट वाकळा शिवायचा. आई-बाप ऊसतोडीला कोयत्यावर गेले की मागं राहिलेली पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्या अंगावर थंडीत याच वाकळा. काम थेट मिळायचं, टेंडर नाही की बोली नाही. गरीब बायकांच्या गटासाठी जिल्हा परिषदेचे साहेब ते बाजूला काढून ठेवायचे. आणि ठेवावंच की! जिल्ह्याचा ठेकेदार ट्रकभर मिलची ब्लँकेटं घेऊन समोर उभा राहिला, तर या बायकांनी काय करावं?

तरी फायलीत तीन कोटेशनं लागायचीच. मग आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. ज्याला काम मिळणार, त्यानंच तिन्ही आणून द्यायची. अक्का दरवर्षी माजलगावकडं जायची, बायनाबाईच्या आणि वत्सलाबाईच्या गटाची कोरी लेटरपॅडं शिक्का मारून घ्यायची, चहा प्यायची आणि परत यायची. घरी बसून त्यांच्या कागदावर जास्तीचा दर स्वतःच लिहायची. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंच नाही. आख्ख्या तालुक्याचा कारभार असाच चालतो.

यंदा दिवाळीच्या आधी किराणा दुकानात एक जण सहज बोलून गेला, "तुमचं बरं हाय, अक्का. सायबाची मेहरबानी हाय."

दुसरी कोणी असती तर भांडली असती. अक्काला मात्र प्रश्न पडला. आपल्याला काम मिळतं ते मेहरबानीनं, का आपली वाकळ खरंच चांगली म्हणून? आणि हे कळायचं कसं? दोन दिवस तिनं डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी गटाला सांगून टाकलं, "यंदा कोटेशनाची पाकिटं खरी टाकायची."

दीपमाला तिचा उजवा हात, सुईला सगळ्यांत तेज. ती ताडकन उठली. "अक्का, थंडीभराचं काम हाय. गेलं तर आमी खायचं काय? तुमचं कावून आमच्या पोटावर कावून?"

प्रश्न बिनतोड होता. पण अक्काच्या मनातला किडा काही गप्प बसेना. तिनं माजलगावची गाडी धरली आणि बायनाबाईला म्हणाली, "औंदा कोरा कागद नको. तुमचा दर तुमीच लिवा, पाकीट चिकटवा, मला दावू नका. संगं एक वाकळ आणा." वत्सलाबाईलाही तेच सांगितलं.

बायनाबाईनं काढलेला शिक्का परत डबीत ठेवला. "खरा दर लिवू?"

"खरा."

जिल्ह्याच्या ऑफिसात पाकिटं उघडायला मोहनराव कारकून बसले; समोर अक्का, दीपमाला आणि वाकळा घेऊन आलेल्या बायनाबाई-वत्सलाबाई. कोटेशनं मुकाट फायलीला लावण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "अक्का, ही तिन्ही अक्षरं येगयेगळी कावून हायेत?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. वत्सलाबाईनं अक्काशी इमान राखून चढाच दर लावला होता. बायनाबाईचा दर मात्र अक्कापेक्षा कमी होता.

अक्कानं बायनाबाईची वाकळ उचलली आणि सवयीनं उलटी केली. मागच्या बाजूला एकही गाठ दिसेना. धावदोऱ्याच्या ओळी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. वाकळ आपल्यापेक्षा चांगली होती, आणि हे तिला लगेच कळलं. तरी तोंडून प्रश्न निघालाच, "बाई, इतकी ओळ सरळ कशी येती?"

"आमी दोघी समोरासमोर बसतो. दोन काठांवरनं शिवत मधी येतो," बायनाबाई म्हणाली.

मोहनराव कळवळले. माणूस वाईट नव्हे. "अक्का, अजून नोंद केली न्हाई. पाकिटं मागं घ्या, नेहमीचे कागद आणून द्या. तुमाला काम थेट देता येतंय." दीपमालानं मागून अक्काचा पदर ओढला.

अक्का खरंच विचारात पडली. थंडीभराचं काम समोर ठेवलेलं होतं, हात पुढं करायचा अवकाश. तेवढ्यात बायनाबाई आपली वाकळ घडी घालता घालता बोलली. आवाजात राग नव्हता.

"घ्या अक्का, तुमालाच घ्या. सवय हाय आमाला. चार वर्षं तुमी शिक्का न्यायला येत होता. आमी बी गरिबाच्याच बायका. आमी काय शिवतो, हे तुमी कधी इचारलं न्हाई."

कंडक्टरपासून स्वामींपर्यंत सगळ्यांना विचारून बसलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. अक्काचा चेहरा उतरला. तिला लाज वाटली, अगदी रडू यावं इतकी.

"मोहनराव, नोंद करा," ती म्हणाली. "काम बायनाबाईचं."

परतीच्या गाडीत दीपमाला खिडकीशी तोंड करून बसली. धारूरचा घाट चढून गाडी स्टँडात शिरली, तशी ती उतरून एकटीच पुढं चालू लागली. अक्का पिशवी उचलून मागनं निघाली.

आठवड्यानं अक्का पुन्हा माजलगावकडं निघाली. दीपमाला फुगलेलीच होती, पण सोबत आली. थंडीभर बसून काय करणार? दारात अक्काला बघून बायनाबाई सवयीनं आत वळली आणि शिक्क्याची डबी घेऊन बाहेर आली.

"कशाला शिक्का पायजे, अक्का?"

"ठिवा तो," अक्का उंबऱ्यातच बसली. "बाई, तुमी आणखी काय काय शिवता?"