पुठ्ठ्यावर नसलेलं शून्य

"जे दिसत नाही ते कुणी मागत नाही, साहेब," कालिंदी वहूरकर एकदा म्हणाली होती.

परळच्या एका इस्पितळात ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. पंचावन्न साली तिथे नवा बोर्ड आला. वॉर्डांतून काळे, तबकडीचे फोन बसले. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात आता परस्पर बोलता येई. शहरात कुठे बोलायचं असेल तर मात्र नऊ फिरवून कालिंदीला सांगायचं आणि तिने लाइन जोडून द्यायची, असा नियम ठरला. बोर्ड बसवणाऱ्या मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरता भरता सुपरिंटेंडेंटना आणि तिला एक गोष्ट सांगितली. तबकडीवर शून्य फिरवलं तर कुठल्याही वॉर्डातून थेट बाहेरची लाइन लागते, मध्ये कुणी लागत नाही. नको असेल तर आतल्या तारा बदलाव्या लागतील आणि तोवर बोर्ड बंद ठेवावा लागेल.

सुपरिंटेंडेंट डॉ. मनमोहन त्रिलोकेकर वैतागले. इस्पितळाचा बोर्ड बंद कसा ठेवणार? तेव्हा कालिंदीनेच तोड सुचवली. प्रत्येक फोनशेजारी भिंतीवर नंबरांचा पुठ्ठा लागणार होता: स्वयंपाकघर, औषधं, ऑपरेशनची खोली, चौकशी. त्यावर शून्य छापूच नये. मग ती ते वाक्य म्हणाली.

डॉक्टर हसले. "तुम्ही वकील व्हायला हव्या होतात, मिस वहूरकर."

पुठ्ठे छापून आले, भिंतींवर लागले. शून्य आहे तिथेच राहिलं, प्रत्येक तबकडीच्या शेवटच्या भोकात. पुठ्ठ्यावर नाही म्हणजे ते नाहीच, असं दोघं धरून चालली.

कालिंदीचा त्या वाक्यावर विश्वास होता. ती त्याच वाक्यात वाढली होती.

तिचे वडील दत्ताराम डिलाईल रोडच्या गिरणीत सूत कातण्याच्या रिंग खात्यात होते. विणकामाच्या खात्यात महारांना घेत नसत. तिथे धागा तुटला तर तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नसे. मुलीला शाळेत घालताना दत्तारामांनी गावाच्या नावावरून आडनाव लावलं. महाडजवळचं वहूर, म्हणून वहूरकर. कानाला ते कुठलंही वाटू शकत होतं. "कुणी इचारलं तर खोटं बोलायचं न्हाई," त्यांनी तिला बजावलं होतं. "पण न इचारता आपण होऊन कशाला सांगा?"

ती मॅट्रिक झाली, इंग्रजी बोलायला शिकली, इस्पितळात लागली. कुणी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. ही शांतता तिने इतकी जपली, की पुढे तिला ती घराच्या भिंतीसारखी भक्कम वाटू लागली.

नलू ही तिची मैत्रीण. ठाकुरद्वारच्या जुन्या घराण्यातली, पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर. दुपारी बोर्डाच्या खोलीतच दोघी डबा उघडत, कारण कालिंदीला कानावरचा हेडफोन फार वेळ उतरवता येत नसे. नलू बोलत राही आणि मधूनच तिच्या तोंडात घास भरवी.

"खा गं. नुसती हॅलो हॅलो करून पोट भरतं का तुझं?"

"मिरची किती घातलीस! फोनवर आता मला ठसका लागला तर?"

"लागू दे. समोरच्याला वाटेल, मुंबई सरकार खोकतंय."

नलू बऱ्याचदा म्हणायची, एकदा तुझ्या घरी ने ना. कालिंदी हसून विषय बदलायची. घरात शिरल्याबरोबर समोर बाबासाहेबांची तसबीर होती. ती काढून ठेवायचा विचार तिच्या मनात एकदा आला होता. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि तसबीर तिथेच राहिली. नलूला मात्र तिने कधी नेलं नाही.

मग छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवरून कळलं, आणि गिरणगावापासून गिरगावापर्यंत माणसं रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला. जखमी येत राहिले. खाटा संपल्यावर व्हरांड्यात चादरी अंथरल्या गेल्या. वरून निरोप आला, की मेलेल्यांची नावं तूर्त बाहेर जाऊ नयेत, गर्दी होईल. डॉक्टर बोर्डाच्या खोलीत येऊन स्वतः सांगून गेले: "बाहेरची एकही लाइन जोडायची नाही. माझ्या खोलीखेरीज."

कालिंदीने जोडली नाही. दुपारभर ती नाही, नाही, नाही म्हणत होती, आणि पलीकडे माणसं रडत होती.

दुपार कलताना पुरुषांच्या वॉर्डाचा दिवा पेटला. नऊ कुणी फिरवला नव्हता. तरी त्याच्याबरोबर बाहेरच्या लाइनीचाही दिवा लागला होता. तिने खटका दाबून कान दिला.

नलूचा आवाज होता. नलूच्या चाळीखालच्या इराण्याच्या हॉटेलात फोन लागला होता, आणि कुणीतरी वर जाऊन बकुळाला बोलावून आणलं होतं. बकुळा नलूची शेजारीण. तिचा मुलगा जगदीश सकाळी घराबाहेर पडला होता.

"मावशी, मी नलू. इकडे ये."

"जगू आहे का तिथे? अगं, लागलंय का त्याला? नलू?"

"ये तू. एकटी येऊ नको. चाळीतली माणसं घेऊन ये. मावशी, लवकर ये. मग त्याला कुठे नेतील मला ठाऊक नाही."

लाइन तोडायचा खटका कालिंदीच्या बोटाखाली होता. तिने बोट उचललं. दिवा आपोआप विझेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

बकुळा आली. चाळ आली, गल्ली आली. फाटकावर घोषणा झाल्या, चौकशीच्या खिडकीच्या काचा फुटल्या, एका वॉर्डबॉयचं डोकं फुटलं. पण बकुळाला मुलाचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं. त्या आठवड्यात कितीतरी आयांना तेही मिळालं नाही.

पंधरवड्याने, शहर गप्प झाल्यावर, डॉक्टरांनी कालिंदीला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"वॉर्डातून फोन गेला. शून्य फिरवून. हे शून्य इस्पितळात दोघांनाच माहीत होतं. मला आणि तुम्हाला."

"साहेब, तबकडीवर शून्य सगळ्यांनाच दिसतं."

"मग हे तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मलाही दिसत नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे पाहा, मला वर उत्तर द्यायचंय. फोन तुम्ही केला नसेल, पण कुणाला तरी ते सांगितलं असणार. आणि दिवा कुठल्या वॉर्डाचा पेटला हे तुम्हाला बोर्डावर दिसतं. नाव सांगा, विषय संपला."

"त्या दिवशी दिवे सारखे पेटत होते, साहेब."

"शनिवारपर्यंत विचार करा. नाव नाही मिळालं, तर मला तुमचंच नाव द्यावं लागेल."

आपण गुपित ठेवलं, तेव्हा दार बंद केलं असं तिला वाटलं होतं. दार उघडंच होतं. ठरून गेला होता तो एवढाच हिशेब, की कुणी आत गेलं तर संशय कुणावर घ्यायचा. तो आधीच तिच्या नावावर करून ठेवलेला होता, आणि तो तिनेच सुचवला होता.

घरी दत्ताराम खोकत होते. कापसाने छाती गेल्यापासून ते घरीच होते. घर तिच्या पगारावर चालत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव सांगून टाक, पोरी. ती तुझी कोण लागती?"

"घास भरवते मला, अण्णा."

म्हातारा भिंतीकडे वळून झोपला.

कालिंदीने ठरवलं होतं, की नाव सांगायचं नाही. पण नलू आपण होऊन सांगेल, असं तिला आतून वाटत होतं. आठवडाभर नलू डबा घेऊन आली नाही. वॉर्डात काम फार आहे, असा निरोप यायचा. साहेबांनी दिलेल्या मुदतीची बातमी वॉर्डात पोचली होती; शनिवारी ती आली. डबा आणला होता, पण उघडला नाही. कालिंदीच्या पाठीशी दाराला टेकून उभी राहिली.

"तू मला ऐकलंस ना त्या दिवशी?"

"हो."

"मला शून्याचं काही ठाऊक नव्हतं गं. नऊ फिरवला असता तर तू नाही म्हणाली असतीस. बोट पुढच्या भोकात गेलं. लागला फोन. साहेबांना काय सांगणार आहेस?"

"तूच सांग त्यांना. बकुळामावशींचं सांग. ते समजून घेतील."

"वेडी आहेस का? दादांनी माझं लग्न ठरवत आणलंय. पोलिसांत नाव गेलं तर कोण उभं करील मला दारात? तुझं काय, तू कुठेही…" तिने वाक्य अर्धंच सोडलं.

"कुठेही काय?"

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. ती पुढे झाली, कालिंदीच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घालावी तशी, अगदी मायेने म्हणाली, "कालिंदी, मी तुझं कधी कुणाला बोलले का? तू नोकरीला लागलीस त्याच दिवशी ऑफिसातल्या कारकुनाने तुझा शाळेचा दाखला वाचून सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. तरी मी जेवलेच ना तुझ्याबरोबर? मी तुझं झाकलं. आता तू माझं झाक."

बोर्डावर एक दिवा पेटला. मग दुसरा. कालिंदी त्यांच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं ती ज्या भिंतीला पाठ टेकून बसली होती, तिथे भिंत नव्हतीच. समोरची माणसं ढकलत नव्हती, एवढंच. आणि ती न ढकलण्याची किंमत कुणीतरी इतके दिवस मनात मांडत होतं, घासाघासाला.

तिने हेडफोन उतरवून खिळ्याला अडकवला. खुर्ची आत सरकवली. आपला डबा उचलला.

"कालिंदी? अगं, काय सांगणार आहेस त्यांना? बोल ना!"

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलामागून त्यांनी मान वर केली. ती त्या दारावरून पुढे गेली, व्हरांडा उतरली, आणि कुणाचंच नाव न सांगता फाटकाबाहेर पडली.