कालपासून नव्हतं

ऋता आणि निखिल,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना थोडंफार माहीत होतं, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि आता ते नाहीत. निखिल, तू म्हणशील, हे तर आत्याच्या बाळंतपणाबद्दल आहे, यात माझं काय काम? तूही वाच. पुरुषांनी असलं वाचायचं नसतं असं मानूनच आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी चुलीपाशीच विझल्या.

आत्ताच का लिहितेय? ऋता, तुझ्या फोनमुळे. तुला दिवस गेलेत, आणि तिथल्या डॉक्टरांनी तुला विचारलं की तुमच्या आईला बाळंतपणात काही त्रास झाला होता का. तू आईला विचारलंस. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मला अचानक काहीतरी झालं होतं म्हणे. आजीला विचार, तिला नीट माहीत आहे." मग तू मला विचारलंस. आणि मी — इतक्या वर्षांनी, पुन्हा — म्हणाले, "हो गं, अचानकच झालं."

फोन ठेवला आणि मला संताप आला. त्या 'म्हणे'चा.

मी जन्मभर घोडेगावात इंग्रजी शिकवलं, पण मराठी शब्दांकडेही माझं लक्ष असतं. 'म्हणे' आपण कशाला लावतो? ऐकीव गोष्टीला. उसात बिबट्या दिसला म्हणे. अमक्याचं लग्न मोडलं म्हणे. आणि माझी मुलगी स्वतःच्या छातीत, स्वतःच्या श्वासाला जे झालं, त्याला 'म्हणे' लावते? जे तिनं भोगलं ते तिलाच ऐकीव कसं झालं? तो शब्द तिच्या तोंडात कुणी घातला?

मी घातला. कसा, ते सांगते — पण थोडा वळसा घेऊन. सरळ सांगायला बसले की पेन थांबतं.

ऋता, तुझी आई, माझी वंदू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी अगदी तयारीत होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मधली खोली चुन्यानं पांढरी करून घेतली, बाज नवीन सुतळीनं विणून घेतली. डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा — सगळं बरण्यांत भरून ठेवलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पारगावच्या तिच्या सासरी माणसं रांगडी, मोठी ऊसबागायत, आणि मी शिकलेली बाई. माझ्या घरचं बाळंतपण कसं होतं ते त्यांना दिसायला हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच आलं.

ऋता, तू सरळ, सुखरूप झालीस. दोघी दवाखान्यातून घरी आलात. मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी अंगाला आणि डोक्याला तेल, कढत पाण्यानं अंघोळ, पोटाला घट्ट पट्टा, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. आणि मग कानाला रुमाल बांधून, पाठ टेकून, आडवं पडायचं. बाळंतिणीनं बसायचं नाही — पाठ कायमची धरते. माझ्या आईनं मला असंच निजवलं होतं.

वंदू आडवी राहीना.

मी खोलीतून बाहेर पडले की ती उठून बसायची. भिंतीला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून. मी परत आले की तिला रागवायची. "आडवी हो." ती व्हायची. जरा वेळानं पुन्हा बसलेली. एकदा म्हणाली, "आई, आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं."

ही मुलगी लहानपणापासून वाढवून सांगते, असं माझं ठाम मत होतं. एक मुंगी चावली तर हिला दहा चावायच्या. मी म्हणाले, "धुरीनं होतं तसं." मग धुरी बंद केली का? नाही. तिच्या पावलांना सूज होती, पैंजण रुतत होते. पैंजण मी स्वतःच्या हातानं काढून ठेवले. म्हणजे मला दिसलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

बघायला येणाऱ्या बायांना मी विचारायची, बरं का. आणि सगळ्यांचं उत्तर एकच. "व्हतंच की, बाई. पहिलटकरणीला समदं व्हतंच." गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वंदूला विचारलं आणि उत्तर मी दिलं — "थोडी थकलीय." त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि तेही म्हणाले, "होतंच."

होतंच म्हणजे काय? काय होतं? कुणाला होतं, आणि झालं की पुढे काय होतं? पुरुषाला जिना चढून दम लागला तर घरातले सगळे गाडी शोधायला धावतात. बाळंतिणीला निजल्यानिजल्या दम लागतो तर 'होतंच'! त्या एका शब्दाखाली किती बाया पुरल्या असतील, देव जाणे. त्या बायांचा मला आजही राग येतो, डॉक्टरांचाही येतो. पण थांबा — त्या रागाआड लपायला मला फार सोयीचं जातं. त्यांना वंदू घटकाभर दिसत होती. मी दिवसभर घरात होते.

आणि मग वंदूच्या सासूबाई आल्या. खडीसाखर, झबली-टोपडी घेऊन. मनानं वाईट बाई नव्हे, पण जीभ तिखट. वंदूला भिंतीला टेकून बसलेली पाहिली आणि म्हणाल्या, "अवो बाई, आमची समदी बाळंतपणं घरातच झाली. पोर पाळण्यात टाकायचं आन् उसाच्या फडात जायचं. तुमच्या लेकीला बाळंतपण न्हाई, सुट्टी लागलीय जणू!"

बाया हसल्या. मीसुद्धा हसले. वंदूही हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

त्या हसण्यानं मला काय झालं असेल? शिकलेल्या बाईची लेक नाजूक निघाली — हे मला सहन होईना. त्या गेल्यावर मी वंदूजवळ गेले. भिंतीवर तिचं डोकं टेकत होतं तिथे तेलाचा डाग पडला होता. नव्या चुन्यावर. मी तिला काय म्हणाले ते आठवतं, शब्द न् शब्द. "माझी भिंत तरी खराब करू नकोस. एवढीशी पाठ टेकवत नाही तुला?" आणि तिचे खांदे धरून तिला खाली निजवलं. माझ्या हातांनी. ती माझ्याकडे बघत होती, आणि नाकपुड्या फुलत होत्या.

तुमचे आजोबा दारात उभे होते. ते म्हणाले, "मंचरला दाखवून आणू या का?" मी म्हणाले, "बारसं होऊ द्या. पारगावची माणसं येणार, आणि बाळंतीण दवाखान्यात? काय तोंड दाखवायचं?"

तर ऋता, तुझं बारसं थाटात झालं. ट्रॉली भरून पाहुणे आले. वंदूला मी हिरवी साडी नेसवली, पट्टा आणखी आवळला. तुझ्या आत्यानं तुझं नाव कानात सांगितलं, बायांनी घुगऱ्या वाटल्या. पाळण्याची दोरी धरून उभी असलेली वंदू तिथेच खाली बसली. ओठ जांभळे. मी तरीही पहिल्यांदा काय केलं? पदर सारखा केला तिचा.

तिच्या दिरानं जीप काढली. मंचरच्या डॉक्टरांनी नुसतं बघूनच पुण्याला पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, भराभर बोलणारी. तिनं मला बाजूला घेतलं. शेजारी वंदूचे सासूसासरे उभे होते, जावई उभे होते.

तिनं विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मी म्हणाले, "कालपासून."

हाच तो शब्द. मी वर्गात वर्षानुवर्षं 'सिन्स' आणि 'फॉर' शिकवलं. 'शी हॅज बीन इल सिन्स' — पुढे काय येतं? सुरुवात येते. मुलांनी चुकीचं लिहिलं तर लाल पेनानं गोल करायची मी. आणि माझ्याच मुलीची सुरुवात मला विचारली तेव्हा मी ती खाऊन टाकली.

डॉक्टरीण नीट विचारणारी होती. "आधी काहीच नाही? झोपल्यावर दम? पायाला सूज?"

"नाही."

वंदूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं हात वर केला आणि बोटं हलवली — नाही, नाही, अशी. डॉक्टरीण तिला मायेनंच म्हणाली, "तुम्ही शांत पडा, आम्ही आईंशी बोलतोय." आणि पाठीखालची उशी सारखी केली.

आईंशी बोलतोय! जिचा जीव जात होता ती बोलत होती, आणि सगळे माझं ऐकत होते. कारण मी नीट साडी नेसलेली, चार शब्द इंग्रजीत बोलणारी बाई होते. माझं खोटंही नीटनेटकं होतं.

एकाएकी झालंय म्हटल्यावर त्यांनी एकाएकी होणारीच कारणं शोधली. फुफ्फुसात गुठळी असेल, जंतू असतील. त्या तपासण्या झाल्या, ती औषधं झाली, आणि वंदू खालावत गेली. मग मोठ्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली, तेव्हा कळलं की तिचं हृदय थकलेलं आहे, फुगलेलं आहे, नीट आकसत नाही. त्यामुळे फुफ्फुसात पाणी साठत होतं. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं — तिनं वाढवून सांगितलं नव्हतं. तिनं जे होतं तेच सांगितलं होतं.

हे का झालं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बाळंतपणाच्या आगेमागे काही बायकांचं होतं असं, एवढंच ते म्हणाले. तो प्रश्न आजही तसाच आहे, आणि ते उत्तर माझ्याकडे नाही. पण कधीपासून, हे उत्तर होतं. ते फक्त माझ्याकडेच होतं, आणि मी ते दिलं नाही.

वंदू वाचली. सावकाश. तू माझ्याकडे गाईच्या दुधावर वाढत होतीस आणि ती अंगणातून ओसरीपर्यंत चालायला शिकत होती. गोळ्या पुष्कळ काळ चालल्या, मग कमी झाल्या, मग बंद झाल्या. दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. म्हणून तू एकटी. सासूबाई मात्र बदलल्या. त्या सगळ्यांना सांगायच्या, "पोर चांगली व्हती वो, बारशात नजर लागली." माझ्या 'कालपासून'ची ही त्यांनी केलेली गोष्ट. ती मला फार सोयीची होती. मी ती चालू दिली.

इथेच संपलं असतं तर मी नुसती भित्री ठरले असते. पण मी याहून वाईट केलं.

बरी होत असताना वंदू मला विचारायची. पहिल्यांदा म्हणाली, "आई, मला घरीच होत होतं ना? मी तुला सांगत होते." मी म्हणाले, "नाही गं, तू औषधाच्या गुंगीत होतीस, तुला नीट आठवत नाही." पुढे कधीतरी म्हणाली, "मला वाटतं, आधीपासून होत होतं." मी पुन्हा तेच. मग पुढच्या वर्षांत ते झालं, "होत होतं का गं?" मी हसून म्हणाले, "वेडी आहेस." मग तिनं विचारणं सोडलं. आणि परवा तुझ्या फोनमध्ये — 'म्हणे'.

मी तिचा आजार तिच्याकडून काढून घेतला. हळूहळू, प्रेमानं बोलत, पाठीवरून हात फिरवत. ती बुडत असताना मी तिला खाली निजवलं, आणि ती वर आल्यावर म्हणाले की पाणी नव्हतंच. याला क्रूरपणा नाही तर काय म्हणायचं? बायाबापड्यांच्या 'होतंच'वर मी मघाशी चिडले. त्या निदान 'होतं' म्हणत होत्या. मी तर 'झालंच नाही' म्हणाले.

ऋता, तुझ्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांग. बाळंतपणानंतर घरी आल्यावर लवकरच सुरू झालं. आडवं झाल्यावर दम, बसल्यावर बरं. पावलांना सूज. कोरडा खोकला. रोज वाढत गेलं. आईनं वेळेवर सांगितलं होतं. घरच्यांनी ऐकलं नाही.

हे तुम्हाला मिळेल तेव्हा वंदूनं ते वाचलेलं असेल. ती उद्या पारगावहून येतेय. आधी तिच्या हातात देईन, मग पाकिटात घालीन. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि तिनं काय म्हणावं हे सांगायचा अधिकार मी गमावला आहे.

ती येते तेव्हा अजूनही मधल्या खोलीतच झोपते. हृदय बरं झालं, तरी पाठीला दोन उशा लावून, अर्धी बसून. बाज गेली, पलंग आला. भिंतीला चुन्यावरून डिस्टेंपर झालं, त्यावर ऑइलपेंट झाला. उशांच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तिथे, तेलाचा डाग आहे. प्रत्येक रंगातून तो वर येतो. आत्ताही आहे.

— आजी